भिंतीवरील अक्षरे आणि पडद्यावरील अक्षरे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती ह्या केवळ शिल्पकारांच्या भिंती नव्हेत. त्या राज्यकारभाराच्या वह्याही आहेत. राजराज चोळाने इ. स. १०१०च्या सुमारास हे मंदिर पूर्ण केले आणि त्याच्या दगडांवर देवालयाचा सारा जमाखर्च कोरविला. कोणत्या गावाने किती भात द्यावयाचे, कोणाला कोणते दान मिळाले, दिव्यांसाठी तूप कोठून यावयाचे, इतकेच नव्हे तर मंदिराच्या सेवेतील चारशे स्त्रियांची नावे आणि त्यांना दिलेली घरे ह्यांचीही नोंद तेथे आहे. कारभार झाकून ठेवावयाचा नाही, तो सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडावयाचा, हा त्यामागील हेतू उघड आहे.

ह्या घटनेनंतर जवळजवळ आठशे वर्षांनी, १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजी महाराजांनी ह्याच मंदिराच्या आवारात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. एवढा प्रदीर्घ शिलालेख मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. परंतु त्या लेखासमोर उभे राहिले की एक प्रश्न मनात आल्याशिवाय राहात नाही. तमिळभाषी मुलखाच्या मध्यावर, देवनागरी अक्षरांत, मराठी भाषेत कोरलेला हा इतिहास वाचणार कोण? दर्शनाला येणाऱ्या शेकडा किती लोकांना तो कळत असेल? आणि ज्याला डोळेच नाहीत, त्याच्या दृष्टीने ती भिंत आणि शेजारची कोरी भिंत ह्यांत अंतर ते काय? लेख तर जाहीर आहे. राजाने तो लपविलेला नाही. तरीही तो सर्वांचा झाला, असे म्हणता येत नाही. जाहीर करणे ही एक गोष्ट आणि पोहोचविणे ही दुसरी. ह्या दोहोंमधील अंतर जेथे विसरले जाते, तेथे अन्याय होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या काळी हे अंतर आवाजाने भरून निघत असे. सरकारी हुकूम दवंडी पिटून गावाला ऐकविला जाई. पुराणिक पोथी वाची आणि निरक्षर श्रोता तिचा अर्थ ऐके. तंजावरला तर ह्या श्रवणपरंपरेचे मोठे वैभव लाभले. मराठी कीर्तनकारांनी तेथे नेलेली कीर्तनपद्धती तमिळ भूमीत रुजली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी तिला हरिकथेचे नवे रूप दिले. ज्याला अक्षर दिसत नव्हते त्यालाही कथा कळत होती, कारण अक्षर आणि माणूस ह्यांच्यामध्ये दुसरा जिवंत माणूस उभा होता.

आज शासनाची भिंत दगडाची राहिलेली नाही. ती काचेची झाली आहे. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, जमिनीचा उतारा, परीक्षेचा अर्ज, रुग्णालयातील नोंदणी, ही सारी कामे संकेतस्थळावर आली आहेत. तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे २४ लाखांहून अधिक होती. एवढ्या लोकांनी कचेरीचे उंबरठे झिजवावेत त्यापेक्षा कचेरीनेच त्यांच्या घरी जावे, ही कल्पना स्तुत्यच आहे. परंतु कचेरीत निदान एक कारकून बसलेला असे. तो कुरकुर करी, उद्या या म्हणून सांगे. तरी त्याला विचारता येत असे. पडद्याला विचारता येत नाही. पडदा जे दाखवितो ते दाखवितो. आणि ज्याला ते दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा हाताने चालविता येत नाही, त्याच्यासाठी कचेरीचे दार उघडे असूनही बंदच राहाते. पुढे कचेरीतील खिडकीच बंद झाली आणि सारा व्यवहार पडद्यावर गेला, म्हणजे अशा माणसाला दुसरे दारही उरत नाही.

अंध मनुष्य संगणक कसा चालवितो, ह्याविषयी पुष्कळांच्या मनात विस्मय असतो. त्यात चमत्कार काही नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एक आज्ञावली असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. अशी एक विनामूल्य आज्ञावली, एनव्हीडीए नावाची, ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह ह्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केली आणि आज ती जगभर वापरली जाते. मराठी आणि तमिळ ह्या दोन्ही भाषांत वाचणारे आवाज उपलब्ध आहेत. अंध मनुष्य माऊसला हात लावीत नाही. तो कळफलकावरील कळींनी एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर, एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातो आणि कानाने वाचतो. ह्याचा अर्थ असा की साधन तयार आहे, वापरणारा तयार आहे. अडचण उरते ती पानाच्या रचनेत.

ती अडचण नेमकी कोणती, हे पाहाण्यासारखे आहे. स्क्रीन रीडर डोळ्यांनी पाहात नाही. पानामागे जे लिहिलेले असते ते तो वाचतो. पानावर चित्र असेल आणि त्याच्यामागे वर्णनाचे चार शब्द नसतील, तर तो ‘चित्र’ एवढेच म्हणून पुढे जातो. अर्जातील चौकटीला नाव जोडलेले नसेल, तर डोळसाला शेजारी ‘जन्मतारीख’ असे दिसते, पण अंधाला केवळ ‘येथे लिहा’ असे ऐकू येते. काय लिहा, ते कळत नाही. मथळा हा केवळ मोठ्या ठळक अक्षरांत रंगविलेला असेल, मथळा म्हणून त्याची नोंद नसेल, तर शंभर ओळींचे पान त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावे लागते. पान मराठीत आहे की तमिळमध्ये हे आतून सांगितलेले नसेल, तर इंग्रजी आवाज मराठी मजकूर वाचू लागतो आणि जे कानी पडते त्याला कोणतीच भाषा म्हणता येत नाही. आणि सर्वांत शेवटी येतो तो कॅप्चा, म्हणजे वेडीवाकडी अक्षरे ओळखून आपण यंत्र नसून माणूस आहो हे सिद्ध करण्याची परीक्षा. यंत्राला अडविण्यासाठी उभारलेली ही चौकी अंध नागरिकालाच अडविते. माणूस असूनही माणूसपणाच्या परीक्षेत त्याने नापास व्हावे, ह्याहून मोठी विटंबना कोणती?

सरकारी परिपत्रकांची गोष्ट तर ह्याहून विलक्षण आहे. परिपत्रक संगणकावर टंकले जाते, कागदावर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि मग त्या कागदाचे छायाचित्र घेऊन ते संकेतस्थळावर ठेवले जाते. जो मजकूर आरंभी अक्षररूपात होता, त्याचे शेवटी चित्र होते. डोळसाला काही फरक जाणवत नाही. परंतु स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते पान कोरे असते. अक्षरांच्या जुन्या फाँटांनीही असाच घोटाळा केला. एकेकाळी प्रत्येक फाँटाची सांकेतिक व्यवस्था निराळी असे. पडद्यावर ‘क’ दिसला तरी आतमध्ये एखादे रोमन अक्षर दडलेले असे. युनिकोड ह्या जागतिक व्यवस्थेने प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, तेव्हा भारतीय भाषांतील मजकूर यंत्राला खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागला. तमिळनाडू शासनाने २०१० मध्ये आपल्या कारभारासाठी युनिकोडचा स्वीकार केला.

हा प्रश्न केवळ अंधांचा आहे असेही नव्हे. २०११च्या जनगणनेत भारतातील दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांत दृष्टिदोष असलेल्यांची आणि श्रवणदोष असलेल्यांची संख्या प्रत्येकी ५० लाखांच्या घरात होती. कर्णबधिराला मंत्र्यांचे भाषण दाखविणारी चित्रफीत निरुपयोगी असते, जोपर्यंत तिच्याखाली मजकूर किंवा शेजारी सांकेतिक भाषा नसते. ज्याचा हात कापतो त्याला बारीक बटणावर नेम धरता येत नाही. ज्याला सावकाश वाचावे लागते, त्याचा अर्ज भरून होण्यापूर्वीच पानाची मुदत संपते. ज्याला रंगांतील भेद कळत नाही त्याला ‘लाल चौकटी भरणे आवश्यक’ ही सूचना व्यर्थ आहे. फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे छापण्याची हौस तर मंददृष्टी वृद्धांच्या मुळावर येते. म्हणूनच अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांतील तफावत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक असावी, असे प्रमाण आंतरराष्ट्रीय नियमांत ठरवून दिले आहे.

अशा वेळी तंजावरकडे पुन्हा वळावेसे वाटते, कारण दृष्टी आणि ज्ञान ह्या दोहोंची चिंता वाहिलेला राजा तेथे होऊन गेला. सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. राज्याचा प्रत्यक्ष कारभार १७९९च्या तहाने कंपनीच्या हाती गेला होता. उरलेली शक्ती ह्या राजाने विद्येला वाहिली. त्यांच्या धन्वंतरी महालात औषधे तयार होत आणि रोग्यांवर उपचार होत. नेत्ररोग्यांवरील उपचारांची तपशीलवार टिपणे, आणि त्यांतील काहींना जोडलेली रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे, आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आधुनिक नेत्रवैद्यांनी त्यांचा आदरपूर्वक अभ्यास केला आहे. त्या काळच्या एका राजाने डोळ्याचे एवढे बारकाईने निरीक्षण करावे, ही असामान्य गोष्ट होय.

परंतु प्रत्येक डोळा बरा होत नाही. वैद्याचे शास्त्र जेथे संपते तेथे माणसाचे आयुष्य संपत नाही. सरफोजींच्या अखेरच्या वर्षांतच, १८२९ मध्ये, पॅरिसमध्ये लुई ब्रेल ह्या विशीतल्या अंध तरुणाने आपल्या उठावदार ठिपक्यांच्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले. तंजावरचा राजा डोळ्यावर इलाज शोधीत होता. पॅरिसच्या तरुणाने पानावर इलाज शोधला. डोळा बदलत नसेल तर पान बदलावे, हा त्याचा विचार क्रांतिकारक होता. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये ठरली, ती त्याच विचाराच्या बळावर. आणि संकेतस्थळ सुगम्य करणे म्हणजे त्याच विचाराला आजच्या काळात पुढे नेणे होय. दोष माणसात नाही, पानात आहे, असे एकदा मान्य केले की काम कोणी करावयाचे हेही ठरते. ते पान करणाऱ्याने करावयाचे.

सरस्वती महालाचाच दाखला घेतला, तर पान बदलणे म्हणजे काय हे डोळस माणसालाही चांगले उमगेल. तेथे मराठी राजवटीच्या कागदांचे शेकडो रुमाल आहेत आणि त्यांतील बहुतेक मजकूर मोडी लिपीत आहे. आजच्या सुशिक्षित मराठी माणसापुढे त्यांतील एखादा कागद ठेवला, तर भाषा त्याची स्वतःची असूनही त्याला एक ओळ लागत नाही. त्या कागदापुरता तो अंधच असतो. त्याची दृष्टी अधू नसते; त्याच्या आणि मजकुराच्या मध्ये लिपी आडवी आलेली असते. मोडीचे बालबोधीत लिप्यंतर झाले म्हणजे तोच कागद बोलू लागतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने ह्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर खंडरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा तो इतिहास त्या भूमीतील लोकांनाही मोकळा झाला. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि यंत्राला मोडी अक्षरे समजण्याची वाट खुली झाली. प्रत्येक पायरीवर मजकूर तोच राहिला. त्याच्याभोवतीची एकेक भिंत तेवढी पडत गेली. पोथीचे छायाचित्र घेणे ही त्यांतील एक पायरी आहे, शेवटची नव्हे. छायाचित्राने पोथी कसरीपासून वाचते. परंतु अंध अभ्यासकासाठी ती अक्षररूप झाली तरच वाचते. आणि अंध विद्वान ही काही कल्पनेतील वस्तू नव्हे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तके वाचनीय रूपात आणण्यास मोकळीक मिळाली, त्याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ मध्ये भारताने सर्व देशांच्या आधी मान्यता दिली आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले, ते अशाच वाचकांसाठी.

तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर अनेक छत्रे बांधली. सरफोजींनी मुक्तांबेच्या नावाने ओरत्तनाडू येथे बांधलेले छत्र त्यांत विख्यात आहे. वाटसरूला अन्न, रोग्याला औषध, पोरक्या मुलाला शिक्षण, अशी त्यांची व्यवस्था होती. त्या औदार्याचे स्मरण आजही आदराने केले जाते. परंतु छत्रातील अन्न आणि शासनाचे संकेतस्थळ ह्यांत एक मूलभूत फरक आहे. छत्र हे राजाचे दान होते. मिळाले तर घ्यावे, न मिळाले तर तक्रार कोणाकडे करावी? संकेतस्थळ हे नागरिकाचे देणे आहे. दिव्यांगांना सवलत म्हणून, दया म्हणून काही करावयाचे, ही भाषा लोकशाहीत टिकत नाही.

कायद्याने ही गोष्ट आता निःसंदिग्ध केली आहे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार २००६ मध्ये झाला आणि भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला. त्याच्या ४२ व्या कलमाने छापील आणि विद्युत माध्यमांतील मजकूर सर्वांना सुगम्य व्हावा अशी जबाबदारी शासनावर टाकली. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासूनच होती; २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली गेली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांसाठी एक समान साचा सिद्ध केला आणि त्याच्या नावातच ‘सुगम्य’ हा शब्द घातला. तंजावर जिल्ह्याचे संकेतस्थळही त्याच साच्यावर उभे आहे.

तरीही नियम आणि व्यवहार ह्यांत पुष्कळ अंतर राहिले. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे केवळ सल्ला, असा समज रूढ झाला होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्या समजावरच बोट ठेवले. कायदा ज्याला कर्तव्य म्हणतो त्याला नियमांनी केवळ शिफारस ठरविणे कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय देऊन न्यायालयाने सक्तीचे नियम करण्यास सांगितले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आम्लहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्या स्त्रिया, तसेच अंध व्यक्ती, ह्यांना बँकेसाठी संगणकावरून ओळख पटविता येत नव्हती, कारण कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून जिवंतपणा सिद्ध करावा अशी अट होती. ज्याला पापणीच राहिली नाही त्याने ती कशी मिटावी? संगणकीय सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने ह्या प्रकरणी स्पष्ट केले.

ह्या कामाला खर्च फार येतो, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून दार काढावयाचे तर खर्च येतोच. आराखड्यातच दार असेल तर तो वेगळा जाणवत नाही. चित्राला वर्णन देणे, चौकटीला नाव देणे, मथळ्याला मथळा म्हणणे, परिपत्रक अक्षररूपातच प्रसिद्ध करणे ह्यांसाठी पैसा लागतो त्याहून अधिक सवय लागते. शिवाय ह्या सुधारणांचा लाभ केवळ दिव्यांगांना होतो असे नाही. उन्हात उभा राहून फोनवर भातखरेदीची तारीख पाहाणारा कावेरीकाठचा शेतकरी, चष्मा विसरलेला पेन्शनर, गोंगाटात चित्रफितीखालील मजकूर वाचणारा प्रवासी, ह्या साऱ्यांना ठळक अक्षरे आणि सरळ मांडणी हवीच असते. आणि वार्धक्याने जवळजवळ प्रत्येकाला थोडीफार दृष्टी, थोडेफार श्रवण गमवावेच लागते.

मात्र पानाच्या कोपऱ्यात अक्षर लहानमोठे करण्याची दोन बटणे बसविली म्हणजे संकेतस्थळ सुगम्य झाले, असे समजणे भाबडेपणाचे आहे. पायऱ्या तशाच ठेवून दारावर ‘सुस्वागतम्’ची पाटी लावण्यासारखेच ते होय. खरी परीक्षा एकच. अंध नागरिकाला कळफलकापुढे बसवावे, त्याने अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत भरावा, पैसे भरावेत, पावती घ्यावी. आणि हे सारे संकेतस्थळ लोकांसाठी खुले होण्यापूर्वी व्हावे. जेथे तो अडेल तेथे दुरुस्ती करावी. ज्याच्यासाठी दार करावयाचे त्यालाच आधी त्या दारातून चालवून पाहावे, ह्यापरते खात्रीचे माप नाही.

आणि ह्या साऱ्यामागील खरी किंमत पैशात मोजण्यासारखी नाही. अर्ज स्वतः भरता आला नाही तर अंध मनुष्य काय करतो? तो शेजाऱ्याला बोलावितो, सेवाकेंद्रातील मुलाला सांगतो, घरातील कोणाची तरी विनवणी करतो. मग त्याचा आजार, त्याचे उत्पन्न, त्याच्या खात्याचा क्रमांक, फोनवर आलेला ओटीपी, हे सारे दुसऱ्याच्या हाती जाते. बहुतेक माणसे प्रामाणिक असतात. परंतु आपल्या गुपितांचा ताबा स्वतःकडे ठेवण्याचा हक्क दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असू नये. दिव्यांगांच्या ओळखपत्राला शासनाने ‘स्वावलंबन’ हे सुंदर नाव दिले आहे. ते नाव सार्थ व्हावयाचे असेल तर त्या पत्रासाठी करावयाचा अर्जही त्याला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कानांनी, कोणाचेही डोळे उसने न घेता भरता आला पाहिजे.